इंग्रजी वाक्यातलं नाम, सर्वनाम आणि प्रेपोझिशन ओळखायचं कसं?

रानजाई

नमस्कार मंडळी. माझी मुलगी सहावीत आहे, सेमी-इंग्रजी. व्याकरणाच्या व्याख्या तिला तोंडपाठ आहेत. नाउन म्हणजे काय, प्रोनाउन म्हणजे काय, विचाराल तेव्हा घडाघडा सांगते. पण समोर वाक्य ठेवून 'यातली नामं, सर्वनामं आणि प्रेपोझिशन्स अधोरेखित कर' म्हटलं की अडते. गृहपाठातलं वाक्य देते:

'आफ्टर द रेन, शी वॉक्ड टू द रिव्हर विथ हर ब्रदर अँड शोड हिम द ओल्ड ब्रिज.'

रेन, रिव्हर, ब्रदर, ब्रिज तिला सापडले. पण 'वॉक्ड'ही तिने नामात घातलं, कारण 'चालणं हे एका क्रियेचं नावच आहे ना'. प्रेपोझिशनमध्ये 'टू' आणि 'विथ' लिहिले, 'आफ्टर' सोडलं. तिच्या मते 'नंतर' हे क्रियाविशेषण. 'हर'बद्दल शाळेत एक सांगतात, शिकवणीत दुसरं. प्रेपोझिशन म्हणजे आपलं शब्दयोगी अव्यय असं मी सांगितलं, तर म्हणाली, 'आपलं अव्यय शब्दाच्या मागे चिकटतं. हे सुटं आहे आणि पुढे बसलंय. मग दोन्ही एकच कसे?'

पाठांतर नको आहे. विचार करून ओळखता येईल अशी पद्धत कुणी सांगाल का?

खडूफळा

रानजाईताई, मुलगी योग्य जागी अडते आहे. तिचे प्रश्न मला फार आवडले.

माझी सगळी नोकरी मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी शिकवण्यात गेली. २००० सालापर्यंत आपल्याकडे मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं, मग ते पहिलीपासून आलं. इंग्रजी शब्दांशी मुलांची ओळख लवकर व्हायला लागली, पण व्याकरण शिकवायची रीत तीच राहिली. आधी व्याख्या, मग यादी, मग अधोरेखन. त्यात मुख्य मुद्दा बाजूला पडतो: शब्दाची जात त्याच्या अर्थावरून ठरत नाही, त्या वाक्यात तो काय काम करतो यावरून ठरते.

'वॉक'च घ्या. 'शी वॉक्ड टू द रिव्हर' यात ते क्रियापद. 'वुई वेंट फॉर अ लाँग वॉक' यात नाम. अर्थ दोन्हीकडे चालण्याचाच. फरक एवढाच की दुसऱ्या वाक्यात त्याच्या आधी 'अ' आहे, मध्ये 'लाँग' हे विशेषण आहे, आणि हवं तर 'वॉक्स' असं अनेकवचन होतं. पहिल्या वाक्यात 'वॉक्ड'ला भूतकाळाचा प्रत्यय लागलाय. काळाचा प्रत्यय घेणारं ते क्रियापद, नाम काळ दाखवत नाही. तुमच्या मुलीला एवढं सांगितलं तर 'वॉक्ड' ती आपणहून खोडेल.

नामासाठी मी मुलांना व्याख्येऐवजी प्रश्न द्यायचो. 'द', 'अ', 'माय', 'धिस' यांपैकी काही दिसलं की थांबायचं आणि विचारायचं, 'द काय?' 'द ओल्ड ब्रिज' यात 'द काय?' याचं उत्तर 'ओल्ड' येत नाही, 'ब्रिज' येतं. 'हर ब्रदर', हर कोण? ब्रदर. नामापर्यंत पोहोचल्याशिवाय तो प्रश्न सुटत नाही. मुलं पटकन शिकतात.

'द' नसलेली नामंही असतात, उदाहरणार्थ 'ऑनेस्टी', 'मिल्क', 'पुणे'. तिथे दुसरी खूण बघायची: क्रियापदाचा कर्ता आहे का, कर्म आहे का, किंवा प्रेपोझिशनच्या पाठोपाठ आलंय का.

अभ्यासिका_पेठ

स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. तलाठी भरतीच्या पेपरात इंग्रजीचा वेगळा विभाग असतो, त्यात हे प्रश्न हमखास. आम्ही शेवटच्या अक्षरांवरून ओळखतो. 'नेस', 'मेंट', 'शन', 'इटी', 'शिप' आलं की नाम. काइंडनेस, गव्हर्न्मेंट, एज्युकेशन, ॲबिलिटी, फ्रेंडशिप. वेळ वाचतो.

भाषावेल्हाळ

अभ्यासिका, ही खूण उपयोगाची आहे, पण तिच्यावरच विसंबलात तर पेपर काढणारा नेमका तिथेच पकडेल. 'मेन्शन'च्या शेवटी 'शन' आहे, तरी 'डू नॉट मेन्शन हिज नेम' यात ते क्रियापद. 'विटनेस'च्या शेवटी 'नेस' आहे, पण 'दे विटनेस्ड द ॲक्सिडेंट'. प्रत्ययावरून अंदाज बांधा आणि वाक्यातल्या जागेवरून खात्री करा.

खडूफळा सरांच्या 'द काय?' या कसोटीला एक जोड देतो. 'द रिच शुड हेल्प द पुअर.' इथे 'द काय?' विचारलं तर पुढे नामच नाही. 'रिच' आणि 'पुअर' ही विशेषणं नामाच्या जागेवर बसली आहेत. शाळेच्या उत्तरपत्रिकेत ती नामासारखी वापरली आहेत असं लिहिलं तर चालतं, पण त्यांचं विशेषणपण गेलेलं नाही. एकतर 'रिचेस' असं त्यांचं अनेकवचन या अर्थाने होत नाही. शिवाय 'द व्हेरी पुअर' म्हणता येतं, आणि 'व्हेरी' नामाआधी असं येत नाही. मराठीतही 'श्रीमंतांनी गरिबांना मदत करावी' म्हणतो, तिथे मात्र विशेषण सरळ नामाचे प्रत्यय घेतं.

आणखी एक जागा: 'स्कूल बस', 'मँगो ट्री', 'क्रिकेट मॅच'. पहिला शब्द दुसऱ्याबद्दल माहिती देतो म्हणून मुलं त्याला विशेषण म्हणतात. तो नामच आहे, दुसऱ्या नामाच्या दिमतीला आलेला. 'व्हेरी स्कूल बस' होत नाही, 'स्कूलर' होत नाही. अशा वेळी दोन्ही शब्द नाम म्हणून अधोरेखित करायचे.

कोल्हापूरकर

मला प्रामाणिकपणे विचारायचंय. एवढं सगळं कशासाठी? मुलांना इंग्रजी बोलता यावं, वाचता यावं. नाम कुठलं आणि प्रेपोझिशन कुठलं हे ओळखून काय मिळतं?

खडूफळा

कोल्हापूरकर, प्रश्न रास्त आहे. शब्दकोश हे पहिलं कारण. इंग्रजी शब्दकोशात 'राउंड' काढून बघा. तो नाम आहे, विशेषण आहे, क्रियापद आहे, क्रियाविशेषण आहे आणि प्रेपोझिशनही आहे. प्रत्येकाखाली वेगळे अर्थ. आपल्या वाक्यातला 'राउंड' कोणता हे कळलं नाही तर मूल पहिला दिसेल तो अर्थ उचलतं आणि सगळा परिच्छेद चुकतो. 'द बोट राउंडेड द केप' याचा अर्थ 'बोटीने भूशिराला वळसा घातला' असा न लिहिता 'बोटीने भूशिराला गोल केलं' असा लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत. ती हुशार होती. शब्दकोश वापरायचा कसा, हे त्यांना कुणी दाखवलं नव्हतं.

लांब वाक्य वाचणं हे दुसरं. शिष्यवृत्ती परीक्षेत मराठी माध्यमाच्या मुलांना तृतीय भाषा म्हणून इंग्रजी असतं. उताऱ्यातलं दोन ओळींचं वाक्य आलं की मूल गांगरतं. प्रेपोझिशन आणि त्याच्यामागचं नाम यांचा एकेक गट कंसात टाकायला शिकवा: (आफ्टर द रेन), (टू द रिव्हर), (विथ हर ब्रदर). बाकी काय उरलं? 'शी वॉक्ड अँड शोड हिम द ओल्ड ब्रिज.' वाक्याचा कणा समोर आला. हे मी वर्गात फळ्यावर करायचो तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे यायची.

कोल्हापूरकर

कंसाचा मुद्दा पटला. घरी करून बघतो.

रानजाई

सर, कंसाची युक्ती लगेच वापरली! आता 'हर'चं काय? शाळेत 'पझेसिव्ह ॲडजेक्टिव्ह' शिकवलंय, शिकवणीत सर्वनाम म्हणतात.

भाषावेल्हाळ

रानजाई, इथे इंग्रजीत एकाच रूपात दोन शब्द लपलेत. ते वेगळे करायची सोपी वाट म्हणजे मुलीच्या जागी मुलगा ठेवायचा.

'आय वेंट विथ हर.' मुलगा ठेवला तर 'आय वेंट विथ हिम'.
'आय मेट हर ब्रदर.' मुलगा ठेवला तर 'आय मेट हिज ब्रदर'.

'हिम' होतं तिथे 'हर' निखळ सर्वनाम. 'हिज' होतं तिथे मालकी दाखवणारं, नामाच्या आधी येणारं रूप. या दुसऱ्याला काय म्हणायचं यावर व्याकरणांत एकमत नाही. नामाबद्दल माहिती देतं म्हणून शाळेची पुस्तकं विशेषण म्हणतात. 'शी'चंच षष्ठीचं रूप म्हणून काही जण सर्वनामात धरतात. आपल्याकडे 'तिचा भाऊ' यातलं 'तिचा' हे 'ती' या सर्वनामाला 'चा' प्रत्यय लागून झालंय हे उघड दिसतं, त्यामुळे मराठी मुलाला ते सर्वनाम वाटणं साहजिक आहे. परीक्षेत शाळेचं पुस्तक जे म्हणतं ते लिहावं, पण दोन्ही बाजूंना आधार आहे हे मुलीला जरूर सांगा. मुलांना ते कळतं.

'हिज'लाही अशीच अडचण आहे, कारण 'धिस बुक इज हिज' आणि 'धिस इज हिज बुक' यात रूप एकच. तिथे 'मी' ठेवून पाहा. पहिलं 'माइन' होतं, दुसरं 'माय'. 'माइन' एकटं उभं राहतं, म्हणून ते सर्वनाम. 'माय'ला पुढे नाम लागतंच.

सर्वनामाच्या बाबतीत मला मराठी फार समृद्ध वाटते, आणि ते मुलांना दाखवून द्यावं असं मनापासून वाटतं. 'सीता गेव्ह राधा हर बुक.' पुस्तक कुणाचं? इंग्रजी वाक्यावरून सांगता येत नाही. मराठीत 'सीतेने राधेला आपलं पुस्तक दिलं' म्हटलं की पुस्तक सीतेचं, शंका नाही. 'वी आर गोइंग' यात समोरचा धरलाय की नाही हे कळत नाही. 'आम्ही जातोय' आणि 'आपण जातोय' यात कळतं. 'यू' एकच, आपल्याकडे तू, तुम्ही, आपण. व्याकरणकार मोरो केशव दामल्यांनी १९११ साली मराठीचं शास्त्रीय व्याकरण लिहिलं. आपण शाळेत मूळ सर्वनामं नऊच शिकतो: मी, तू, हा, तो, जो, कोण, काय, आपण, स्वतः. पण तेवढ्यात केवढी कामं होतात बघा.

नुसताच_वाचक

'सर्वनाम नामाऐवजी येतं' ही व्याख्या तरी बरोबर आहे ना?

भाषावेल्हाळ

कामापुरती आहे, पण दोन ठिकाणी तोकडी पडते.

'शी शोड हिम द ओल्ड ब्रिज.' आता 'ब्रिज'ऐवजी 'इट' घाला. 'द ओल्ड इट' होतं का? नाही. 'द ओल्ड ब्रिज' हा सगळा गट उचलून त्याच्या जागी 'इट' ठेवावं लागतं. म्हणजे सर्वनाम एकट्या नामाची जागा घेत नाही, नामाभोवतीच्या सगळ्या गटाची घेतं. मुलांसाठी ही उत्तम कसोटी आहे. वाक्यातला कोणता गट एका 'इट'ने, 'ही'ने किंवा 'देम'ने बदलता येतो ते शोधायचं. तो गट सापडला की त्यातलं मुख्य नामही सापडतं.

दुसरं म्हणजे 'इट इज रेनिंग'. इथे 'इट' कशाऐवजी आलंय? कशाच्याच नाही. इंग्रजीला कर्त्याची जागा रिकामी ठेवलेली चालत नाही, म्हणून ते बसवलंय. आपल्याला अशी गरज पडत नाही. 'उकडतंय', 'येतो' अशी वाक्यं कर्ता न उच्चारता पुरी होतात. मराठी मुलं लिहिताना 'इज रेनिंग' म्हणून मोकळी होतात ती यामुळेच. अधोरेखन करताना 'इट' सर्वनामातच घालायचं.

'धिस', 'दॅट'कडेही लक्ष द्या. 'धिस इज माय पेन', एकटं उभं, सर्वनाम. 'धिस पेन इज माइन', नामाला टेकलेलं, दर्शक विशेषण. 'दॅट' तर आणखी फिरतं. 'आय नो दॅट ही इज इल' यात ते उभयान्वयी अव्यय, 'द डॉग दॅट बिट मी' यात संबंधी सर्वनाम. मराठीत 'हा माझा पेन' आणि 'हा पेन माझा' यात 'धिस'सारखाच फरक आहे.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीहून लिहितेय. आमच्याकडे सगळं उलट्या दिशेने चालतं. मुलगा इंग्रजीत वाढलाय, शनिवार-रविवारी मराठी शाळेत जातो. तो 'घर मध्ये', 'भाऊ बरोबर', 'तो साठी' म्हणतो. 'घरामध्ये', 'भावाबरोबर', 'त्याच्यासाठी' हे त्याच्या जिभेवर अजून बसत नाही. शब्द माहीत आहेत, अव्ययही माहीत आहेत, पण मधला बदल त्याला दिसत नाही. शाळेतल्या ताईंनी 'सामान्यरूप' हा शब्द वापरला तेव्हा मला माझी सातवी आठवली. वर रानजाईंच्या मुलीने विचारलंय की प्रेपोझिशन आणि शब्दयोगी अव्यय एकच कसे. ते मलाही समजून घ्यायचंय, म्हणजे मुलाला सांगता येईल.

खडूफळा

यावर जरा सविस्तर लिहितो, कारण मराठी मुलाला इंग्रजी शिकताना आपली भाषा सगळ्यात जास्त मदत इथे करते, आणि आपण ती मदत घेतच नाही.

काम एकच, जागा वेगळी. दोघंही एका नामाचं वाक्याशी नातं सांगतात: कुठे, कधी, कुणाबरोबर, कशासाठी. इंग्रजीत हा शब्द नामाच्या आधी येतो, मराठीत नंतर. 'अंडर द ब्रिज', 'पुलाखाली'. 'विथ द ब्रदर', 'भावाबरोबर'. शिवाय आपल्याकडे अव्यय जोडताना नाम आपलं रूप बदलतं. पूल असतो तो 'पुला' होतो, भाऊ असतो तो 'भावा' होतो. हेच सामान्यरूप. इंग्रजी नाम असं बदलत नाही, 'ब्रिज' तो 'ब्रिज'च.

पण इंग्रजी सर्वनाम बदलतं! 'ही' असतो, 'विथ' आधी आला की 'हिम' होतो. 'शी'ची 'हर', 'आय'चा 'मी' (me), 'दे'चं 'देम'. फार जुन्या इंग्रजीत नामांनाही विभक्तीचे प्रत्यय होते, ते झिजून गेले. सर्वनामांत त्यांची खूण शिल्लक राहिली. मराठी मूल 'तो बरोबर' कधीच म्हणत नाही, आपोआप 'त्याच्याबरोबर' म्हणतं. त्याला एवढंच सांगायचं की 'विथ ही' म्हणणं म्हणजे 'तो बरोबर' म्हणणं. त्यानंतर माझ्या वर्गात ही चूक क्वचितच दिसायची. 'बिट्वीन यू अँड आय' असं शिकलेली इंग्रजी माणसंही बोलून जातात, तिथेही प्रमाण लेखनात इंग्रजी 'मी' हवं, कारण 'बिट्वीन' आधी बसलंय.

सातासमुद्रापार, तुमच्या मुलाला हीच गोष्ट उलट सांगा. 'यू डोन्ट से विथ ही, यू से विथ हिम. मराठीत नामंसुद्धा तसंच करतात.'

आता 'आफ्टर'. रानजाईताईंची मुलगी म्हणते 'नंतर' हे क्रियाविशेषण. ती अर्धी बरोबर आहे. 'तू नंतर ये' यात 'नंतर' क्रियाविशेषण अव्यय. 'पावसानंतर ये' यात तेच शब्दयोगी अव्यय, कारण 'पावसा' या नामाला जोडलंय. 'खाली बस' आणि 'झाडाखाली बस'. हा फरक मराठीच्या तासाला प्रत्येक मुलाने गिरवलेला असतो. इंग्रजीतही अगदी हेच:

'कम इन.' काही जोडलं नाही, शाळेच्या भाषेत क्रियाविशेषण.
'इट इज इन द बॉक्स.' 'द बॉक्स' जोडलंय, प्रेपोझिशन.
'शी लुक्ड अप.' क्रियाविशेषण.
'शी वॉक्ड अप द हिल.' प्रेपोझिशन.

म्हणून प्रेपोझिशन शोधताना शब्दाला विचारायचं, 'कशाच्या?' आफ्टर कशाच्या? द रेनच्या. उत्तर वाक्यात मिळालं आणि ते नाम किंवा सर्वनाम असलं तर प्रेपोझिशन. 'आफ्टर ही लेफ्ट, वुई एट' यात 'कशाच्या?' विचारलं तर 'ही लेफ्ट' हे आख्खं वाक्य येतं. तेव्हा 'आफ्टर' दोन वाक्यं जोडतंय, उभयान्वयी अव्यय झालं. 'बिफोर', 'सिन्स', 'अंटिल' यांचंही तसंच.

भाषावेल्हाळ

सरांनी मांडलंय ते शाळेसाठी पूर्ण बरोबर. उत्सुक वाचकांसाठी एक भर घालतो: २००२ साली आलेल्या 'केंब्रिज ग्रामर ऑफ द इंग्लिश लँग्वेज'मध्ये हडलस्टन आणि पुलम यांनी 'कम इन'मधल्या 'इन'लाही प्रेपोझिशनच म्हटलंय, पुढे नाम असो वा नसो. त्यांचा युक्तिवाद असा की 'शी एट' आणि 'शी एट अ मँगो' यात 'एट'ची जात आपण बदलत नाही, मग 'इन'ची का बदलायची? मला हे पटतं. शाळेत मात्र जुनंच चालतं, आणि परीक्षेत तेच लिहावं.

शब्दांच्या आठ जाती तरी कुठून आल्या बघा. ग्रीक व्याकरणकार डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या ग्रंथात आठ जाती आहेत. लॅटिनमध्ये आर्टिकल नव्हतं, ते गेलं आणि केवलप्रयोगी आलं. तिथून ती मांडणी इंग्रजीत उतरली. आपल्याकडे प्राचीन काळी यास्काने निरुक्त या ग्रंथात चारच सांगितल्या: नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग, निपात (छोटी अव्ययं). दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६चं, आणि त्यानंतर आपली शालेय मांडणीही आठांवर स्थिरावली. म्हणजे या जाती निसर्गाने नेमून दिलेल्या नाहीत, भाषा समजावी म्हणून माणसांनी पाडलेले कप्पे आहेत. सीमेवरच्या शब्दांवर वाद होणारच.

अभ्यासिका_पेठ

'हू आर यू टॉकिंग टू?' यात 'टू' शेवटी आलंय, पुढे काहीच नाही. मग क्रियाविशेषण म्हणायचं का? पेपरात आलं होतं.

भाषावेल्हाळ

नाही, प्रेपोझिशनच. 'कशाच्या?' या प्रश्नाचं उत्तर वाक्यात आहे, फक्त पुढे सरकून 'हू' होऊन सुरुवातीला बसलंय. 'द चेअर शी सॅट ऑन' यातही 'ऑन'चं नाम आधी येऊन गेलंय. मराठीत असं होऊच शकत नाही, अव्यय नामाला चिकटलेलं असतं, म्हणून आपल्याला ते परकं वाटतं. वाक्याच्या शेवटी प्रेपोझिशन येऊ नये हा जो नियम सांगतात, त्याचा उगम इंग्रजी कवी ड्रायडनने १६७२ साली नाटककार बेन जॉन्सनच्या वाक्यांवर घेतलेल्या आक्षेपात सापडतो. इंग्रजी माणसं त्याआधीही असं बोलत होती, नंतरही बोलत राहिली. 'टू'बद्दल मात्र एक सावधगिरी: 'आय वॉन्ट टू गो' यातलं 'टू' प्रेपोझिशन नाही, क्रियापदाच्या मूळ रूपाची खूण आहे. 'आय वेंट टू स्कूल' यातलं आहे. 'आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू' यातलंही प्रेपोझिशनच, म्हणून तिथे 'मीट' चालत नाही, 'मीटिंग' लागतं.

क्रियापदाला जोडून येणाऱ्या शब्दांचीही एक कसोटी देतो. 'ही टर्न्ड ऑफ द लाइट' आणि 'ही टर्न्ड ऑफ द रोड'. दिसायला सारखी. पहिल्यात 'ऑफ' उचलून मागे नेता येतं: 'ही टर्न्ड द लाइट ऑफ', 'ही टर्न्ड इट ऑफ'. दुसऱ्यात 'ही टर्न्ड द रोड ऑफ' होत नाही. हलतं ते क्रियापदाचं अंग, हलत नाही ते प्रेपोझिशन.

कोल्हापूरकर

मी नोकरीच्या मुलाखतींसाठी मुलांची तयारी करून घेतो. वरचं सगळं वाचून एक गोष्ट लख्ख झाली, ती सांगतो. आमच्या मुलांच्या बऱ्याच चुका 'ला' आणि 'बद्दल' यांतून येतात. 'त्याला विचारलं', म्हणून 'आय आस्क्ड टू हिम'. 'पुण्याला पोहोचलो', म्हणून 'आय रीच्ड टू पुणे'. 'त्याबद्दल चर्चा केली', म्हणून 'वुई डिस्कस्ड अबाउट इट'. 'तिच्याशी लग्न केलं', म्हणून 'मॅरीड विथ हर'. मराठी प्रत्यय दिसला की मुलं इंग्रजी प्रेपोझिशन शोधतात.

खडूफळा

अगदी मोलाचं निरीक्षण. गृहपाठाच्या वाक्यातच आहे बघा: 'शोड हिम'. मराठीत 'त्याला दाखवला', पण इंग्रजीत 'हिम'च्या आधी काही नाही. 'ला'चं काम तिथे 'हिम' या रूपाने आणि त्याच्या जागेने केलंय. 'आस्क', 'टेल', 'रीच', 'एंटर', 'डिस्कस' ही क्रियापदं कर्म सरळ घेतात. उलट 'एक्सप्लेन मी' चुकीचं, 'एक्सप्लेन इट टू मी' हवं. 'टेल हिम' पण 'से टू हिम'. इथे नियम पुरा पडत नाही. क्रियापद शिकतानाच त्याच्या मागे काय येतं ते एकत्र शिकावं लागतं. मी वहीत 'डिस्कस समथिंग', 'लिसन टू समवन', 'डिपेंड ऑन समवन' असं जोडीनेच लिहायला लावायचो.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीने वाक्य पुन्हा सोडवलं. नामं: रेन, रिव्हर, ब्रदर, ब्रिज. सर्वनामं: शी, हिम, आणि 'हर'पुढे तिने 'पुस्तकाप्रमाणे विशेषण' असं लिहिलं. प्रेपोझिशन्स: आफ्टर, टू, विथ. आता तिचा नवा प्रश्न आहे. 'आय वेंट टू स्कूल' म्हणतात, मग 'आय वेंट होम' का? 'टू' कुठे गेलं? होम हे नामच आहे ना?

भाषावेल्हाळ

तिला शाबासकी द्या. 'होम' नाम आहेच: 'धिस इज माय होम', 'ही लेफ्ट हिज होम'. पण 'आय वेंट होम' यात ते क्रियाविशेषण आहे. जुन्या इंग्रजीत दिशा दाखवायला नामाचं द्वितीयेचं रूप वापरत. प्रत्यय गेले, पण या शब्दात तो वापर टिकला. मराठीत 'घरी गेलो' म्हणतो, तिथे 'घरी'मध्ये सप्तमीचा 'ई' आत बसलाय, वेगळं अव्यय लावावं लागत नाही. 'होम'च्या आधी 'माय' आलं की ते पुन्हा नाम होतं आणि 'टू' परत येतं: 'आय वेंट टू माय होम'. तिला 'हिअर' आणि 'देअर' घालून बघायला सांगा: 'कम हिअर', 'गो देअर'. 'टू'शिवायच बसतात. मग 'अब्रॉड' आणि 'अपस्टेअर्स' शब्दकोशात काढायला सांगा.

रानजाई

काढले. दोन्हीपुढे क्रियाविशेषण लिहिलंय. 'अपस्टेअर्स'पुढे विशेषण आणि नामसुद्धा आहे, तर आता त्या तिन्हींची वाक्यं बनवायला बसलीय.